घरटी एक व्हिसा

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही कधी केला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, किनाऱ्यावर उतरणारा चोरटा माल पकडला. पण ज्या केसने मला सगळ्यात जास्त शिकवलं ती निवृत्तीनंतरची आहे, आणि तीही परमुलखातली. त्या केसचं श्रेय दुसऱ्याच माणसाला मिळालं, हेही आत्ताच सांगून टाकतो. पुढे लिहिण्यात कुठे कडवटपणा दिसला तर वाचकांना कारण शोधत बसायला नको. नाव मात्र कोणाचंच देणार नाही.

पोलीस दलातून निवृत्त झालो तेव्हा आमची मुलगी सौदी अरेबियात जुबैलला डॉक्टर होती. तिच्याकडे म्हणून आम्ही नवराबायको गेलो. नातवंडांशी मराठीत बोलावं तर ती इंग्रजीत उत्तरं देणार, जावई रात्रपाळीचा. मला घर खायला उठलं. तेवढ्यात रास अल खैरच्या औद्योगिक शहरात एका ठेकेदार कंपनीला कामगारांच्या कॅम्पवर सुरक्षा अधिकारी हवा आहे असं कळलं. हिंदी येणारा आणि पोलिसातला माणूस त्यांना पाहिजे होता. कंपनीने इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, काढून दिला आणि मी पुन्हा ड्युटीवर लागलो. आठवडाभर मी कॅम्पात आणि सुट्टीला जुबैलला, असं चाललं होतं.

कॅम्प म्हणजे एक ठाणंच समजा. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, प्रत्येक खोलीत सहा माणसं, एक मेस, एक दवाखाना. सकाळी हजेरी, मग बसमध्ये चढताना पास तपासणं, संध्याकाळी परत आलेल्यांची मोजणी. कोण मेसमध्ये जेवायला आला नाही, कोण अचानक एकटा बसायला लागला, याच्याकडे मी आधी बघायचो. भांडणं करणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. भांडणं करता करता एकाएकी गप्प झालेल्या माणसाची वाटते.

आता शेठबद्दल. हे गृहस्थ मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. जुबैलला त्यांचा एसी आणि शीतगृहं दुरुस्त करण्याचा मोठा वर्कशॉप. अंगावर पांढराशुभ्र पायघोळ झगा, अत्तराचा वास माणसाच्या आधी खोलीत शिरायचा. बोलणं असं की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. त्यांच्या गावाच्या पंचक्रोशीतल्या लोकांची जमात दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर त्यांच्याच हॉलमध्ये जमायची. तांदळाची भाकरी, माशांचं सालन, आणि शेठचं भाषण. आमची मुलगी तिथे लोकांचे रक्तदाब तपासायला जायची, म्हणून मलाही जावं लागे.

"साहेब," पहिल्याच भेटीत त्यांनी चारचौघांत मला सुनावलं, "तुम्ही नोकरीत किती धरलेत ते सांगू नका. मी किती पोरं धरूच दिली नाहीत ते मला विचारा."

लोक हसले. मीही हसलो, पण ते मला झोंबलंच. कारण त्यांच्याच खाडीकाठच्या ठाण्यात मी प्रभारी अधिकारी होतो. रिकामी पोरं धक्क्यावर बसायची, कुठून कुठून त्यांना फोन यायचे, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला माझी माणसं चहाच्या टपरीवर बसायची. मी खबरे पाळले, समज दिल्या, प्रतिबंधक कारवाया केल्या. शेठनी गावात एक शेड बांधली, तीच पोरं उचलून कॉम्प्रेसरला जुंपली, शिकली की व्हिसा पाठवून जुबैलला आणली. धक्का आपोआप रिकामा झाला. माझी बदली झाली तेव्हा मला एक शाल मिळाली. शेठच्या नावाची कमान आहे गावाच्या वेशीवर.

वर आमची बायको. शेठकडून सुरमई आली की, "माणसाला आठवण असते बघा," असं मला ऐकवून फ्रीजमध्ये ठेवायची. मी काय कोणाची आठवण ठेवत नव्हतो?

त्या जमातीचा एक पक्का नियम होता. घरटी एक व्हिसा. चूल एक, तर व्हिसाही एकच. घरात चार मुलगे असोत, शेठच्या वर्कशॉपला त्यातला एकच येणार, आणि तो सहसा थोरला. म्हणजे कुठल्याच घराने दुसऱ्या घराकडे बोट दाखवायला नको. सगळ्यांना तो नियम फार न्यायाचा वाटायचा, आणि खरं सांगतो, मलाही त्यात काही खोट दिसत नव्हती.

एका सकाळी हजेरी आटोपून मी ऑफिसात बसलो असताना फोन वाजला. तोंडावर फडकं धरून कोणीतरी हिंदीत बोलत होतं. "आपके कॅम्प में एक लडका है, मचान पे काम करता है." त्याने खोली सांगितली. "प्लांट के फोटो निकालता है. उसका फोन देखो साब, देर मत करो." आणि फोन बंद.

निनावी खबर देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पोटात दुखत असतं. म्हणून अशी खबर आली की मी पहिला प्रश्न हा विचारतो: ज्याच्याबद्दल खबर आली त्याचं चांगलं झालेलं कोणाला बघवत नाही? पण या पोराचं चांगलं असं काही झालंच नव्हतं. पाण्याच्या प्लांटवर भर उन्हात पायपांना मचाण बांधायचं, म्हणजे सगळ्यात हलकं आणि सगळ्यात धोक्याचं काम. तिशीच्या आतला, रायगडकडचा, एजंटमार्फत आलेला. त्याचा हेवा करणारा माणूस सापडणं कठीण. म्हणजे खबर हेव्यातून आलेली नव्हती, आणि म्हणूनच ती मी गंभीरपणे घेतली. मेसवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "वो पहले बहुत झगडता था साब, रोटी के लिए भी. अब चुपचाप खाता है."

दुपारच्या सुट्टीत त्याला बोलावून घेतलं. चौकशीचे माझे काही नियम आहेत. माणसाला उपाशी बसवायचं नाही, त्याच्या समोर दुसरा माणूस उभा करायचा नाही, आणि आरोपाचं नाव पहिल्या चहाला काढायचं नाही. त्याला जेवायला घातलं, चहा दिला आणि मराठीत बोलायला लागलो. त्याची खाडी, त्याचा धक्का मला माहीत होता. तो मोकळा झाला. वडील बोटीवर होते, वारले. अम्मीचे गुडघे दुखतात. दर्यावर हल्ली मासळी कमी.

"भाऊबहीण?" मी विचारलं.

"भाई आहे. थोरला." एवढंच. आणि त्याने कप बाजूला सरकवला.

"कुठे असतो?"

"जुबैलला."

अम्मीच्या गुडघ्यांबद्दल पाच मिनिटं बोलणारा पोरगा भावाबद्दल दोन शब्दांत गप्प झाला, हे मी ध्यानात ठेवलं. मग सरळ म्हटलं, "तुझा फोन बघू."

त्याने कुलूप उघडून फोन माझ्यापुढे ठेवला. फोन देताना जो कां-कूं करत नाही तो एक तर साफ असतो, नाहीतर दमलेला. हा दमलेला दिसत होता.

फोटो पाहिले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या त्या प्लांटचं गेट, आतला रस्ता, टाक्या, नियंत्रण कक्षाची इमारत. त्या पाण्यावर दूरदूरची शहरं जगतात. तिथे अशा एका फोटोवरून माणसाचं आयुष्य संपू शकतं, आणि इथे तर ढीग होता.

"कशाला काढलेस हे?"

 तासभर मी त्याला फिरवून फिरवून विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. शेवटी वैतागून मी पुन्हा फोटोच बघायला घेतले, आणि पोलिसाची सवय म्हणा, मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या की साधा फोटोही धड काढता येत नाही. गेट अर्धं कापलेलं, टाकीचं डोकं उडालेलं, इमारत कोपऱ्यात. मधोमध काय, तर एक पांढरी पिकअप गाडी.

पुढचा फोटो बघितला. त्यातही पिकअप. त्याच्या पुढच्यातही तीच. मी एक फोटो बोटांनी मोठा केला. गाडीच्या दारावर शेठच्या वर्कशॉपची निळी खूण होती.

प्लांटची टेहळणी करणारा माणूस एसी दुरुस्तीची गाडी मधोमध कशाला घेईल? मी फोन त्याच्याकडे वळवला. "ही गाडी कोण चालवतो?"

तो रडला नाही. रागाने त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. "भाई," तो म्हणाला. "माझा भाई चालवतो. एसीत बसून येतो, एसीत काम करतो, एसीत बसून जातो. मी वर पायपाला लटकलेला असतो. त्याला दिसतो मी. हातसुद्धा करत नाही. साहेब, शेडमध्ये आम्ही दोघं एकदम शिकलो. माझा हात त्याच्यापेक्षा चांगला होता, उस्ताद पण बोलायचा. पण घरटी एक. तो थोरला. संपलं."

एकदा बोलायला लागला तो थांबेना. व्हिसा भावाला मिळाला, मग गावात मुलगी सांगून आली तीही भावाला. अम्मी फोनवर भावाचंच कौतुक करायची. हा एजंटकडून आला, तेव्हा भाऊ म्हणाला, घाई करायला नको होती. मोबाईलवर एका गटात कोणीतरी याच्याशी बोलायला लागलं. तो माणूस कोण, कुठला, याला माहीत नाही. सुरुवातीला त्याने धर्माचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त भावाबद्दल ऐकून घेतलं.

"कोणी ऐकतच नव्हतं ना साहेब," तो म्हणाला. "हा रोज विचारायचा, आज आला होता का तुझा भाऊ? मी फोटो पाठवायचो. बघ, आज पण आला."

मग त्या माणसाने त्याला समजावलं की तुझा भाऊ विकला गेलाय, शेठ विकला गेलाय, ही सगळी व्यवस्थाच तुझ्यासारख्यांच्या जिवावर उभी आहे. मग म्हणाला, फोटोत मागचं गेट नीट येऊ दे. मग विचारलं, भावाची गाडी आत जाताना तपासतात का? आणि शेवटी: एक दिवस त्या गाडीची चावी मिळव, बाकी आम्ही बघू.

त्या शेवटच्या निरोपाला पोराने उत्तर दिलेलं नव्हतं. त्यानंतर त्या माणसाचे कितीतरी निरोप येऊन पडले होते, त्यांनाही नाही.

"का नाही दिलंस उत्तर?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच वेडा आहे. "गाडीत भाई असतो ना," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत मी हजारो जबाब घेतले. पण या चार शब्दांनंतर मला उठून खिडकीशी जावं लागलं. माझ्या समोर गुन्हेगार बसलेला नव्हता. पण अजून थोडे दिवस गेले असते आणि भावाशी एखादं भांडण झालं असतं, तर बसला असता, किंवा बसायलाही उरला नसता.

लपवणं शक्य नव्हतं, आणि माझ्या मनातही ते आलं नाही. याला सोडून दिलं असतं तर त्या फोनवरच्या माणसाने दुसरा पोरगा शोधला असता. मी त्याला एवढंच म्हणालो, "मी तुला नेऊन हजर केलं तर तू आरोपी. तू स्वतः चालत जाऊन सांगितलंस तर निदान ऐकतील. चल." तो उठला. 

औद्योगिक शहराच्या सुरक्षेचे सौदी कॅप्टन शांत गृहस्थ होते. दुभाष्याला बाजूला बसवून त्यांनी सगळं ऐकलं, फोन ताब्यात घेतला आणि मला इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे अशी मुलं आली की आम्ही तीन गोष्टी बघतो. डोक्यात काय भरलंय, हाताला काम काय येतं आणि घरचं कोण मागे उभं राहतंय. तुरुंगातून सुटून रिकामा बसणारा माणूस आम्हाला परवडत नाही. याच्या मागे कोण आहे?"

मी शेठना फोन केला. दुसरं कोणाला करणार?

शेठ आले, बरोबर थोरला भाऊ. आणि आता काय घडलं ते ऐका. केस कोणी उलगडली? मी. पण शेठ दारात दिसताच कॅप्टन खुर्चीतून उठले. गळाभेट झाली, अरबीत विचारपूस झाली, गहवा म्हणजे तिथली कॉफी आली, खजूर आले. शेठनी त्यांच्या कुठल्याशा मेव्हण्याच्या शीतगृहाचं काम केलेलं. मी कागदपत्रं घेऊन उभाच. मला खुर्ची आणून दिली ती शेठनी, "बसा ना साहेब," असं म्हणत, जणू ती कचेरी त्यांच्या वडिलांचीच होती.

धाकट्याने भावाकडे पाहिलं. "साहेबांना माझी खबर देणारा फोन तूच केलास ना?"

"हो," थोरला म्हणाला. "शुक्रवारी जमातीत जेवताना तुझा फोन माझ्या शेजारी होता, त्यावर निरोप आला. चावीचं वाचलं मी."

"मला सांगायचं होतंस."

"लहानपणापासून माझं एक तरी ऐकलंयस?" एवढं बोलून तो रडायला लागला. थोरला रडला, धाकटा नाही. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला, आणि मला वाटतं बऱ्याच काळानंतर त्याला भावाकडे बघताना गाडी दिसली नसावी.

पोराला काही महिने आत ठेवलं. त्याच्या फोनच्या धाग्याने तिथल्या लोकांना जे सापडायचं होतं ते सापडलं, त्याचा तपशील मला कोणी सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही. तो स्वतःहून आला आणि भाऊ नि शेठ त्याच्या मागे उभे राहिले, हे कॅप्टननी लिहून दिलं. शेवटी त्याला कायमचा खुरूज देऊन, म्हणजे परत न येण्याच्या अटीवर, मायदेशी पाठवलं. इथेही आपल्या यंत्रणेने त्याला नीट तपासून सोडलं.

तो आत असतानाच एका शुक्रवारी मी जमातीत तोंड उघडलं. "शेठ, तो घरटी एकचा नियम मोडा."

 शेठ म्हणाले, "साहेब, तुमचा दंडुका गेटवर ठेवून या. घराघरांत भांडणं होऊ नयेत म्हणून हा नियम आहे."

"घराघरांत नाही झाली. घरात झाली," मी म्हणालो. "गावातली सगळीच पोरं उपाशी असती तर त्या फोनवाल्याला याच्यात काय सापडलं असतं? पण एकाच शेडमध्ये शिकलेले, एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ. एकाला तुम्ही वर काढलंत आणि दुसऱ्याला ते बघायला ठेवलंत."

शेठचा चेहरा लाल झाला. पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे सुरमई आली नाही आणि बायकोने त्याबद्दल माझा उद्धार केला. जमातीतले म्हातारेही म्हणाले, हा माणूस उगाच नाक खुपसतो.

मग एके शुक्रवारी शेठ उठले. यापुढे व्हिसा चुलीवर ठरणार नाही, हातावर ठरणार. शेडमध्ये परीक्षा होईल, एका घरातले दोघं पास झाले तर दोघं येतील. आणि जे येणार नाहीत त्यांच्यासाठी गावातच बोटींच्या शीतपेट्या आणि बर्फाच्या कारखान्यांचं काम घ्यायला पुरा वर्कशॉप निघेल. टाळ्या पडल्या. "बरेच दिवस माझ्या डोक्यात होतं," असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "साहेबांनाही पटलंय."

मी मान डोलावली. काय करणार होतो?

मी आता मायदेशी आलो आहे. शाळा-कॉलेजांतून मला भाषणाला बोलावतात आणि पाहुणे म्हणतात, गरिबी गेली की दहशतवाद जाईल. मी त्यांना सांगतो, ते एवढं सोपं नाही. माझ्या अनुभवात त्या फोनवाल्यांना सगळ्यात गरीब पोरगा लागतच नाही. त्यांना लागतो तो, ज्याच्या शेजारच्या दारात विकास येऊन उभा राहिला आणि त्याच्या दारात आलाच नाही. रस्ता, नोकरी, शाळा, जे काही द्यायचं ते देताना कोण बाहेर राहिलं हे ज्याने बघितलं नाही, त्याने अर्धंच काम केलं. हे बघणं बंदोबस्तापेक्षा कठीण आहे. बंदोबस्त मी आयुष्यभर केला, म्हणून सांगतो.

मागच्या हिवाळ्यात शेठच्या त्या वर्कशॉपवर मुद्दाम गेलो. तो पोरगा एका बोटीच्या शीतपेटीत कमरेपर्यंत शिरला होता. माझा आवाज ओळखून बाहेर आला, हात पुसले, कोणालातरी हाक मारून माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मागवली. भाऊ अजून जुबैलला आहे, त्याने नवी गाडी घेतलीय, हे मला शेठकडून कळलं होतं. मी आपलं विचारलं, "भाईच्या गाडीचा फोटो बघितलास?"

"बघितला ना. त्यानेच पाठवला."

"मग?"

"मग काय, जळलो," तो हसत म्हणाला. "अजून जळतो साहेब, खोटं कशाला सांगू? पण दोन बोटी खोळंबल्यात. संध्याकाळी दर्यात जायच्यात. जळत बसायला वेळ कुठंय?" आणि तो पुन्हा पेटीत शिरला.

मी खुर्चीवर बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर शेठचा हार घातलेला फोटो होता, हयात माणसाचा. माझं पेन्शन बँकेत येतं, बंदोबस्त कुठेच नाही, आणि मला दिवसभर वेळच वेळ आहे.